भिंतीला चैत्र बघू द्या

"पंधरा दिवस पंखा लावा, आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा, वर पुट्टी ओढा आणि गणपतीच्या आधी रंग घेऊन टाका."

पूर ओसरला की आमच्या पंचक्रोशीत हे वाक्य चिखलाच्या मागोमाग दारात येतं. हार्डवेअरच्या दुकानात ते ऐकायला मिळतं, ठेकेदाराच्या तोंडी तर ते पाठच असतं. हल्ली शिकलेसवरलेले लोकही पूरग्रस्त पाहुण्यांना हाच सल्ला देऊन मोकळे होतात. मला या वाक्याशी भांडायचं आहे. यात चार सूचना आहेत आणि चारही चुकीच्या आहेत. पंखा तेवढा निरुपद्रवी, पण 'पंधरा दिवस' या शब्दांमुळे तोही वाया जातो.

मी राहतो वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर असलेल्या माणसानं पुराच्या पाण्याबद्दल बोलावं का, असं कुणी विचारेल. डोंगरावर पूर चढत नाही हे खरं, पण जून ते सप्टेंबर ढग उंबरा ओलांडून घरात येतो. घडी घालून ठेवलेलं धोतर चार दिवसांनी कुबट होतं, काडेपेटीची काडी पेटत नाही, डब्यातल्या गुलालाचे गोळे होतात. ओल्या भिंतीबरोबर दरवर्षी चार महिने संसार करणारी आम्ही माणसं. आणि धुकं फाटलं की खाली प्रयाग चिखलीचा संगम आणि पंचगंगेचं पात्र दिसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये ते पात्र राहिलंच नव्हतं, नुसतं पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात. दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन सोनतळीकडं चढली आणि माझी मावशी खालच्या एका गावातून आमच्याकडं डोंगरावर आली.

तिच्या घराची गोष्ट पुढं सांगतोच. आधी हिशेब.

साधी भाजकी वीट तीन किलोच्या आसपास भरते. ती आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते. भारतीय मानकानं साध्या विटेला तेवढी मुभाच दिलेली आहे. आपण वीस धरू नका, थोडं कमी धरा, विटेमागं अर्धा लिटर. नऊ इंची भिंतीच्या एक चौरस मीटरमध्ये सव्वाशेच्या आत-बाहेर विटा बसतात. म्हणजे चौरस मीटरला पन्नास-साठ लिटर. आता खोलीची एकच भिंत घ्या, दहा फूट लांब. तिला चार फूट पाणी लागलं होतं असं समजा. दोनशे लिटर झाले. गोबरगॅसजवळ किंवा न्हाणीघराबाहेर जे निळं प्लास्टिकचं बॅरल असतं, ते काठोकाठ भरून त्या एका भिंतीत उभं केलेलं आहे. खोलीला अशा चार भिंती.

हे बॅरल रिकामं करायला खाली तोटी नाही. बाहेर पडायला एकच वाट आहे, भिंतीचा पृष्ठभाग. तिथूनच वाफ होऊन जायचं. आतलं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून सरकत सरकत पृष्ठभागाशी येतं आणि हवेत जातं. पहिले काही दिवस हे काम भराभर होतं, भिंत वरून पांढुरकी दिसायला लागते, हात लावला तर कोरडी लागते. इथंच माणूस फसतो. वरचा बोटभर थर वाळलेला असतो आणि त्याच्या मागं बॅरल तसंच उभं असतं. त्यापुढचं पाणी मुंगीच्या पावलानं येतं. त्याला पंख्याचा वेग वाढवून घाई करता येत नाही. इमारतींची ओल तपासणारे लोक एक ढोबळ आडाखा सांगतात: भिंतीच्या एका इंचाला एक महिना. दोन्ही अंगांनी उघडी असेल, ऊन लागत असेल तर लवकर; झाकलेली असेल तर त्याहून उशीर. नऊ इंचाला पंधरा दिवस कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

आता वॉटरप्रूफिंग. ही वस्तू वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. गच्चीला ती हवी, वाळलेल्या भिंतीच्या बाहेरच्या अंगालाही चालेल. तिचं काम पाण्याला अडवणं. पण जे पाणी आत येऊन बसलंय त्याच्यापुढं आतून अडसर घालायचा, याला काय म्हणायचं? चोर घरात असताना दाराला बाहेरून कडी घालण्यातला हा प्रकार. वाट बंद झाली की पाणी थांबत नाही, दुसरी वाट काढतं. ते भिंतीतूनच वर चढतं आणि जिथं लेप संपतो तिथून बाहेर पडतं. म्हणून तर खाली चार फूट टाइल्स लावलेल्या खोलीत ओलीचा पट्टा बरोबर टाइल्सच्या वर उमटतो. लोक म्हणतात, "बघा, टाइल्स लावल्या तेवढी भिंत कोरडी राहिली." ती कोरडी राहिलेली नसते, ती फक्त दिसत नसते.

तिसरी आणि चौथी सूचना, पुट्टी आणि रंग. पुराचं पाणी नळाच्या पाण्यासारखं नसतं. ते उसाच्या फडांतली खतं, गोठे, गटारं धुऊन आलेलं असतं, आणि विटेत-वाळूत मुळात क्षार असतातच. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागं राहतात. उघड्या भिंतीवर ते कापसासारखे पांढरे फुलतात. आपल्याकडं याला लोणा म्हणतात. दिसायला वाईट, पण तो भिंतीबाहेर पडतोय ही चांगली गोष्ट आहे. कोरड्या कुंच्यानं झाडायचा, सुपलीत भरायचा, बाहेर टाकायचा. ओल्या फडक्यानं पुसला की तो विरघळून पुन्हा आत जातो, ही चूक घरोघर होते. आणि वर रंगाचा पापुद्रा असेल तर लोणा त्या पापुद्र्याच्या मागं फुलतो, फुगतो आणि रंग पुट्टीसकट ढकलून देतो. भिंतीला पोपडे आले की आपण रंगाच्या कंपनीला शिव्या देतो. बिचारा रंग पाण्यावर चिकटवला होता, तो राहणार कसा?

"मग शेगडी पेटवून खोली तापवू," हा घरगुती उपाय. माझ्या ओळखीत दोघांनी केला, एकानं कोळशाची शेगडी ठेवून आणि दुसऱ्यानं गॅसची. बंद खोलीत कोळसा पेटवून ठेवणं म्हणजे विषारी वायूला आवतण. माणूस झोपेतच जाऊ शकतो, त्यामुळं त्यावर चर्चाच नको. गॅसचं गणित मात्र ऐकण्यासारखं आहे. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातून पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागं दीड किलोहून जास्त. घरातलं १४.२ किलोचं सिलिंडर बंद खोलीत जाळलं तर बावीस लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपानं त्याच खोलीत सोडल्यासारखं होतं. खोली तापते, काचांवर घाम येतो, भिंतीला वाटतं पावसाळा पुन्हा सुरू झाला.

आणि हे सगळं का, तर गणपतीच्या आधी. इथं मी जरा हळू बोलतो, कारण ही घाई वेडेपणाची नाही. २०१९ चा पूर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शिगेला पोचला आणि गणेश चतुर्थी होती २ सप्टेंबरला. साडेतीन आठवडे. त्यात पाणी उतरायचं, गाळ काढायचा, मेलेली जनावरं उचलायची, पंचनामे व्हायचे. इतकं होऊनही घरात गणपती बसवायचाच, गौरी आणायच्याच, हा हट्ट मला आवडतो. घर पुन्हा उभं राहिलं हे देवाला आणि गावाला दाखवायचं असतं. मावशी आमच्या ओसरीवर बसून म्हणाली होती, "अरे, गौरी येणार, आणि भिंती अशा उघड्याबोडक्या? लेकीबाळी काय म्हणतील?" यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. मावसभावानं एक ठेकेदार गाठला. त्यानं आतून काळसर लेप मारला, वर सिमेंटचा गिलावा, पुट्टी, आणि फिकट गुलाबी रंग. २ सप्टेंबरला घर नव्या नवरीसारखं दिसत होतं.

दिवाळीत कपाटामागं वास यायला लागला. कपाट ओढलं तर मागं काळी बुरशी, गालिच्यासारखी. संक्रांतीला देवघराच्या भिंतीचा गिलावा बोटानं वाजवला की पोकळ वाजायचा. पावसाळ्याआधी त्याचा परातीएवढा तुकडा खाली आला आणि आत वीट दिसली. मी नखानं खरवडली, तर ती गुळाच्या ढेपेसारखी भुसभुशीत लागली. पुराची रेघ मावसभावानं पेन्सिलीनं दारामागं मारून ठेवली होती. ओल त्या रेघेच्या वर वीतभर चढली होती. पूर जाऊन दहा महिने झाले होते आणि भिंतीत पूर अजून चढतच होता.

इथं प्रतिपक्षाचा सगळ्यात जोरकस मुद्दा घ्यायला हवा. तो असा: "हे सगळं जुन्या दगडमातीच्या घरांचं रडगाणं आहे. सिमेंटची घरं बांधा, ओल संपली." यातलं अर्धं मी मान्य करतो. पुरात कच्च्या विटांच्या आणि मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहत नाहीत, खालून विरघळून बसतात; अशा घरात पाणी ओसरल्यावर वाळायची वाट बघत आत झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथं अभियंत्यानं बघेपर्यंत पाऊल ठेवू नये. मातीच्या घराचे गोडवे गायला मी बसलेलो नाही.

पण उरलेलं अर्धं चुकीचं आहे. पाणी पिते ती वीट, आणि सिमेंटच्या घराच्या भिंतीही विटांच्याच असतात. सिमेंटचा टणक गिलावा वाफेला चुन्याच्या गिलाव्याइतकी वाट देत नाही; जुन्या मऊ विटेवर किंवा दगडमातीवर तो चढवला की आतली ओल आतच मुरते आणि गिलाव्याच्या मागची भिंत कुजते. दगडाचंही तसंच. जोतिबाचं आजचं देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं, काळ्या बेसाल्टचं. तो दगड स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही, ओल येते ती सांध्यांतून. म्हणून दगडी घराचे सांधे कडक सिमेंटनं लिंपून टाकणं म्हणजे त्याचं नाक दाबणं. जुने गवंडी काही जादूगार नव्हते. जोतं उंच घ्यायचं, वळचण हातभर बाहेर काढायची, पावसाच्या अंगाच्या भिंतीला पावसाळ्याआधी गवताचा किंवा उसाच्या पाल्याचा आडोसा बांधायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. आज डोंगरावरच्या नव्या घरांना वळचण नाही, सज्जा नाही, पश्चिमेची झड सरळ भिंतीवर येते, आणि आम्ही विचारतो की सिमेंटच्या घराला ओल आली कशी.

दुसरा मुद्दा असा: "खिडक्या उघड्या ठेवा, वारा लागला की भिंत वाळते." ऐकायला बिनचूक, पण आमच्या डोंगरावर याची गंमत कळते. सकाळी धुकं असताना खिडकी उघडली की ढगच आत येतो, गार भिंतीला लागून त्याचं पाणी होतं आणि भिंत पुसून काढावी लागते. हवेत आधीच ओलावा भरलेला असेल तर ती भिंतीकडून आणखी काय घेणार? म्हणून आम्ही पावसाळ्यात पहाटे खिडक्या लावून घेतो आणि दुपारी उघडीप मिळाली, ऊन पडलं, की समोरासमोरच्या दोन्ही उघडतो. पूरग्रस्तांनीही ऑगस्टात हेच करावं. भिंत खरी वाळायला लागते ऑक्टोबरच्या उन्हात, पुढं थंडीत, आणि सगळ्यात जास्त फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात. तोवर तिला झाकायचं नाही, एवढंच आपलं काम.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि तो सरकारदरबारी जातो. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारनं घरांच्या मदतीचे दर ठरवले: पूर्ण नष्ट झालेल्या घराला दीड लाख, निम्मी पडझड असेल तर ५०,००० रुपये, पाव भाग पडला असेल तर २५,००० आणि किमान १५ टक्के पडझड असेल तर १५,०००. पडलेल्याला पैसे मिळायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण या कोष्टकात उभ्या राहिलेल्या ओल्या भिंतीला जागा कुठं आहे? पंचनामा पाणी ओसरल्याबरोबर होतो. गिलावा पडतो दिवाळीनंतर. तलाठी येऊन गेल्यावर भिंत पडली तर ती कुणाच्याच हिशेबात नसते. ओलीला टक्के नसतात. परिणाम असा की मिळाले ते थोडेफार पैसे हातात आल्याबरोबर लोक रंगात घालतात, आणि खरा खर्च येतो तेव्हा खिसा रिकामा असतो. माझी मागणी साधी आहे. पूरग्रस्त गावांत मार्चमध्ये घरांची दुसरी पाहणी करा. भिंतीतली ओल मोजणारं दोन टोच्यांचं छोटं यंत्र काही हजारांत मिळतं. ग्रामपंचायतीनं एक घेतलं तर गावाला पुरतं. क्षारांमुळं त्याचा आकडा फुगतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये; एकाच जागी महिन्यागणिक मोजावं आणि आकडा उतरतोय का ते बघावं.

"पण गरिबानं आठ महिने थांबायचं कसं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि विचारणाऱ्याचा चेहरा जिंकल्यासारखा असतो. प्रश्न उलटा आहे. थांबायला पैसे लागत नाहीत. दोनदा रंग द्यायला, दोनदा गिलावा करायला, बुरशीनं पोराला खोकला धरला की दवाखान्यात जायला पैसे लागतात. श्रीमंताला ही चूक परवडते, गरिबाला नाही. उघड्या विटांच्या खोलीत राहता येतं, स्वयंपाक करता येतो, अभ्यास करता येतो.

काय करायचं ते थोडक्यात सांगतो. घरात पाऊल टाकायच्या आधी मेन स्विच बंद. भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपात पाणी साठलेलं असतं, वायरमननं तपासल्याशिवाय चालू करू नका. गाळ ओला आहे तोवरच धुऊन काढा. पुराच्या रेघेच्या वर हातभर जाऊन तिथपासून खालचा सुटा, पोकळ वाजणारा गिलावा काढून टाका. टाइल्स असतील तर निदान एक ओळ उचकटून भिंतीला श्वास द्या. कपाटं, कॉट, देव्हारा भिंतीपासून वीतभर पुढं. ब्लीचिंग पावडर जमिनीवर, गटारात. भिंतीला चोपडू नका, ती मागं जे क्षार सोडते ते हवेतली ओल ओढून घेतात. लोणा कोरडा झाडा. आणि भिंत वाळली का हे हातानं ठरवू नका. हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला गच्च लावा, दोन दिवसांनी बघा. आतून दव साचलं असेल तर बॅरल अजून रिकामं झालेलं नाही.

२०२१ मध्ये मावशीच्या घरात पुन्हा पाणी आलं. गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला. या वेळी मावसभावानं ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवलं आणि गिलावा काढला. विटा उघड्या. मावशी आधी रुसली. मग तिनंच चुन्याची पातळ निवळी करून गणपतीच्या मागच्या भिंतीला एक हात मारला. चुना वाफेला अडवत नाही, त्यामुळं मलाही हरकत घ्यायला जागा नव्हती. गौरी त्या विटांसमोर बसल्या. लेकीबाळी आल्या, फुगडी झाली, भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. प्रत्येकीच्या घरी तशीच भिंत होती.

रंग झाला तो पाडव्याच्या पुढं, चैत्र पौर्णिमेच्या यात्रेआधी. तोवर प्लास्टिकचा कागद तीन वेळा लावून झाला होता. तिसऱ्या वेळी तो आतून कोरडा निघाला. ऑगस्ट ते मार्च, आठ महिने. इंचाला महिना या आडाख्यात एखादा इकडंतिकडं. आमच्याकडं यात्रेला पाहुणे येतात म्हणून चैत्राआधी घराला सफेदी करायची जुनी रीत आहे. ती रीत पाडणाऱ्यानं ओलीचं गणित मांडलं होतं की नाही मला ठाऊक नाही, पण वर्षातला सगळ्यात कोरडा काळ संपतो तेव्हाच कुंचला हातात घ्यायचा, हे त्यात आपोआप बसलेलं आहे.

तेव्हा पुढच्या पुरानंतर कुणी तुम्हाला पंधरा दिवसांचा सल्ला दिला तर त्याला ते दोनशे लिटरचं बॅरल दाखवा. गणपती उघड्या विटेसमोर बसवा, त्याला चालतं. रंगाचे पैसे पोस्टात ठेवा. आणि भिंतीला एकदा चैत्र बघू द्या.